दम्याचा पंप कुलपात, मुलगी तिसऱ्या मजल्यावर

पत्र

माझी मुलगी १० वर्षांची असून पाचवीत आहे. तिला सहाव्या वर्षापासून दमा आहे. सकाळ-संध्याकाळचे औषध ती घरी घेते, आणि धाप लागल्यावर वापरायचा पंप नेहमी तिच्याजवळ असावा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. शाळेचा नियम मात्र असा आहे की विद्यार्थ्याच्या दप्तरात कोणतेही औषध असता कामा नये; सर्व औषधे तळमजल्यावरच्या कार्यालयातील कुलूपबंद कपाटात ठेवावीत. मागच्या महिन्यात खेळाच्या तासानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गाकडे जाताना तिला धाप लागली. मैत्रीण पंप आणायला खाली धावली, तर किल्ली ज्यांच्याकडे असते ते बाहेर गेलेले. पंप हातात पडेपर्यंत वीस मिनिटे गेली. तोवर माझी मुलगी जिन्याच्या पायरीवर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती आणि आजूबाजूचे तिला “पाणी पी, घाबरू नकोस” असे सांगत होते. त्यानंतर शाळा तिला खेळाच्या तासाला बसवून ठेवते, खोकला दिसला की घरी पाठवते, आणि “काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही” अशा हमीपत्रावर आमची सही मागते आहे. एका शिक्षिकेने “पंपाची सवय लागते, कमी वापरा” असेही सुचवले. वर्गात सर्वांना कळल्यामुळे मुलीला आता पंपाचे नावही नकोसे झाले आहे. दुसरा पंप मी तिच्या दप्तरात गुपचूप ठेवावा का? की शाळाच बदलावी?

एक आई

उत्तर

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या आरोग्य कक्षात परिचारिका म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे जिन्याच्या पायरीवर हात रोवून बसलेली आपली मुलगी मला वाचतावाचताच दिसली. धाप लागलेले मूल तसेच बसते. खांदे वर चढलेले असतात, मान पुढे आलेली असते, पोट उडत असते, आणि अशा वेळी त्याला पाणी नको असते, हवा हवी असते. म्हणून आधी थेट उत्तरे देते. पंप गुपचूप ठेवू नका. शाळा एवढ्यात बदलू नका. हमीपत्रावर आहे त्या स्वरूपात सही करू नका. पंप उघडपणे, लेखी परवानगीने, आपल्या मुलीच्या जवळ असला पाहिजे, एवढी एकच मागणी घेऊन शाळेकडे जा आणि ती मान्य होईपर्यंत तिचा पाठपुरावा सोडू नका.

गुपचूप ठेवण्याचा मोह मी समजू शकते, परंतु त्याने मुलीचीच कोंडी होईल. लपवलेला पंप बाहेर काढण्यापूर्वी ती आजूबाजूला कोण आहे ते पाहील, बाई रागावतील का याचा विचार करील, शक्यतो स्वच्छतागृहात जाऊन एकटीच वापरील. आणि झटका तीव्र असेल तर तिला बोलताही येणार नाही, त्यामुळे पंप कुठे आहे हे कोणालाच कळणार नाही. दम्याच्या झटक्यात मूल एकटे असणे ही सर्वांत वाईट गोष्ट आहे. शिवाय तो सापडला तर जप्त होईल, आणि त्यानंतर आपण कितीही योग्य मागणी केली तरी शाळा तिच्याकडे संशयाने पाहील.

ती वीस मिनिटे किती मोठी होती, हे शाळेला नीट समजावून सांगायला हवे, कारण माझ्या अनुभवानुसार बहुतेक शिक्षकांना त्याची कल्पना नसते. झटक्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, नलिकांचे आतले अस्तर सुजते आणि चिकट कफ साचतो, म्हणजे हवेची वाट तिन्ही बाजूंनी अरुंद होते. तातडीच्या पंपात बहुधा असलेले सालब्युटामॉल हे औषध आवळलेले स्नायू सैल करते आणि त्याचा परिणाम काही मिनिटांतच सुरू होतो. वेळेवर मिळाले तर मूल बहुतेक वेळा थोड्या विश्रांतीनंतर वर्गात परत जाऊन बसते. उशीर झाला तर सूज वाढते, मूल दमते, आणि जो झटका वर्गातच आटोक्यात आला असता तो रुग्णालयापर्यंत जाऊ शकतो. मागच्या महिन्यात तसे झाले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे; पण त्यावरून व्यवस्था पुरेशी आहे असा निष्कर्ष शाळेने काढू नये.

पंप जवळ बाळगायचा की नाही याबद्दल बोलताना मला त्याच्या जन्माची गोष्ट नेहमी आठवते. १९५० च्या दशकापर्यंत दम्याचे औषध काचेच्या फवाऱ्यातून, रबरी फुगा हाताने दाबून घ्यावे लागे. तो फवारा नाजूक, फुटण्यासारखा आणि सोबत नेण्यास गैरसोयीचा होता. अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीज या औषधकंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या मुलीला दमा होता. १९५५ मध्ये तिने वडिलांना विचारले की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारख्या डबीत आपले औषध का भरता येत नाही. त्या प्रश्नातून पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मोजून मात्रा देणारा पहिला इनहेलर बाजारात आला. म्हणजे सोबत घेऊन फिरता यावे, हीच एका शाळकरी मुलीची गरज या वस्तूच्या मुळाशी आहे. तीच वस्तू आपण शाळेत नेऊन कुलपात घालतो, तेव्हा तिचा मूळ उपयोगच काढून घेतलेला असतो.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात याची फार मोठी किंमत मोजावी लागली. तिथे २०१२ मध्ये १२ वर्षांच्या एका मुलाचा शाळेत दम्याच्या झटक्याने मृत्यू झाला. त्याचा पंप शाळेच्या नियमाप्रमाणे मुख्याध्यापकांच्या कार्यालयात ठेवलेला होता. त्याच्या आईने पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये त्या प्रांताने कायदा करून, पालकांची संमती असल्यास विद्यार्थ्याला दम्याचे औषध जवळ बाळगू देणे शाळांना बंधनकारक केले. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तातडीचा सालब्युटामॉल पंप विकत घेऊन ठेवता येतो, जेणेकरून एखाद्या मुलाचा स्वतःचा पंप संपला किंवा घरी राहिला तरी अडचण येऊ नये. ही उदाहरणे शाळेपुढे धाक म्हणून ठेवू नका. इतर शाळांनीही या प्रश्नाचा विचार केला आणि त्यांना सुरक्षित मार्ग सापडला, हे दाखवण्यासाठी ती उपयोगी पडतील.

आता शाळेची बाजू, कारण ती समजून घेतल्याशिवाय बैठकीत काहीही साधणार नाही. मी स्वतः अशा कपाटाची किल्ली सांभाळली आहे. हा नियम कोणी दुष्टपणाने केलेला नसतो. एखादे मूल तापाची गोळी मैत्रिणीला देते, एखादे मूल दुसऱ्याच्या फिटच्या गोळ्या चॉकलेटसारख्या तोंडात टाकते, एखाद्याच्या दप्तरात मुदत संपलेले औषध सापडते; असे प्रकार घडतात आणि त्यांतले काही खरोखर धोकादायक असतात. त्यामुळे गोळ्या आणि पातळ औषधे कुलपात असावीत, ती मोठ्या माणसाने नोंद करून द्यावीत, हे मलाही पूर्णपणे मान्य आहे. एकाग्रतेच्या विकारासाठी मुलांना दिली जाणारी काही औषधे तर कुलपातच हवीत.

चूक होते ती सर्व औषधांना एकच नियम लावल्यामुळे. काही औषधे वेळापत्रकाची असतात. ती दुपारी बाराला द्यायची असतील आणि सव्वाबाराला दिली तर सहसा काही बिघडत नाही. काही औषधे तातडीची असतात. त्यांची वेळ घड्याळ ठरवत नाही, शरीर ठरवते. दम्याचा पंप, तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाचे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन, इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर अचानक उतरली तर द्यायचे ग्लुकोज, ही सर्व या दुसऱ्या प्रकारातली आहेत. शाळेकडे आपण नियम मोडण्याची परवानगी मागत नाही, नियमात हे दोन प्रकार वेगळे करण्याची विनंती करत आहोत, अशा शब्दांत विषय मांडा. मुख्याध्यापकांना अपवाद करायला अवघड जाते, कारण उद्या दुसरे पालक तोच अपवाद मागतील ही त्यांची भीती असते. नियमाची सुधारणा मात्र त्यांना सर्वांपुढे उघडपणे मांडता येते.

दुसऱ्या मुलाने पंप घेऊन पाहिला तर काय, हा प्रश्न बैठकीत नक्की विचारला जाईल. निरोगी मुलाने उत्सुकतेपोटी सालब्युटामॉलचा एखाददुसरा पफ, म्हणजे पंपाचा एक फवारा, घेतला तर सहसा हात थरथरतात, छातीत धडधडते आणि थोड्या वेळाने ते आपोआप थांबते. तसे झाले तर पालकांना कळवावे, मुलावर लक्ष ठेवावे आणि शंका वाटल्यास डॉक्टरांना विचारावे. हा धोका आणि दम्याच्या मुलाला वीस मिनिटे औषध न मिळण्याचा धोका एका तागडीत तोलता येणार नाही.

शाळेत जाण्यापूर्वी मात्र एक काम करा: मुलीला डॉक्टरांकडे नेऊन तिच्या दम्याची लेखी कृती-योजना घ्या. तोंडी सूचनेवर शाळा विसंबू शकत नाही आणि तिने विसंबूही नये. या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी प्रामाणिकपणे सांगा: तातडीचा पंप आठवड्यातून किती दिवस लागतो, रात्री खोकल्याने किंवा धापेने ती उठते का, आणि खेळताना ती मागे पडते का. तातडीचा पंप आठवड्यात दोनपेक्षा अधिक दिवस लागत असेल, तर दमा पुरेसा आटोक्यात नाही असे समजले जाते आणि रोजच्या औषधाचा फेरविचार करावा लागतो. रोजचे औषध रोज पोहोचते का, पंप वापरण्याची पद्धत बरोबर आहे का, हेही तिथेच तपासून घ्या. शाळेतली व्यवस्था कितीही चांगली असली तरी रोजच्या उपचारातली उणीव ती भरून काढू शकत नाही.

ती योजना एका पानाची असावी आणि ज्यांना वैद्यकाची काहीही माहिती नाही अशा शिक्षकालाही घाईत वाचता यावी. त्यात मुलीचे छायाचित्र, पंपाचे नाव व रंग, किती पफ, किती वेळाने पुन्हा, आणि रुग्णवाहिका कधी बोलवायची हे स्पष्ट शब्दांत हवे. पफांची संख्या आपल्या डॉक्टरांनीच ठरवायची आहे. निरनिराळ्या देशांत थोड्या वेगळ्या पद्धती आहेत. ऑस्ट्रेलियात शिकवली जाणारी पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे, म्हणून नमुना म्हणून सांगते: मुलाला ताठ बसवायचे; स्पेसरमध्ये, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीत, एक पफ सोडून त्यातून चार श्वास घेऊ द्यायचे; असे एकेक करून चार पफ द्यायचे; चार मिनिटे थांबायचे; फरक पडला नाही तर पुन्हा चार पफ द्यायचे आणि तरीही सुधारणा नसेल तर रुग्णवाहिका बोलवून, ती येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवायचा. चारही पफ एकदम स्पेसरमध्ये सोडायचे नाहीत, हे शिक्षकांना मुद्दाम सांगावे लागते, कारण घाबरलेला माणूस नेमके तेच करतो.

धोक्याची लक्षणे ठळक अक्षरांत लिहून घ्या. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, बरगड्यांच्या मधली आणि गळ्याखालची त्वचा श्वासागणिक आत ओढली जाते, ओठ निळसर किंवा राखाडी दिसतात, मूल गुंगल्यासारखे होते, यांपैकी काहीही दिसले तर चार मिनिटांची वाट न पाहता पहिल्या पफबरोबरच रुग्णवाहिकेला फोन करायचा. छातीतला शिट्टीसारखा आवाज थांबला म्हणजे मूल बरे झाले असे समजण्याची चूक पुष्कळदा होते. मूल अजूनही धडपडत असेल आणि आवाज येत नसेल, तर हवा आत-बाहेर जातच नाही असा त्याचा अर्थ होऊ शकतो. मुलाला आडवे झोपवायचे नाही. आणखी एक वाक्य योजनेच्या अगदी वरच्या बाजूला यावे, असा माझा आग्रह आहे: पंप मुलाकडे न्यायचा, मुलाला पंपाकडे न्यायचे नाही. धाप लागलेल्या मुलाला “जा, कार्यालयातून औषध घेऊन ये” म्हणून तीन मजले उतरवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

पंप दोन असावेत. एक मुलीच्या अंगावर, कमरेच्या छोट्या पाकिटात, कारण दप्तर वर्गात राहते आणि मुलगी मैदानावर, प्रयोगशाळेत किंवा सहलीला असते. आग लागल्याची रंगीत तालीम होते तेव्हा मुलांना दप्तरे सोडूनच बाहेर पडायला सांगतात, हेही ध्यानात घ्या. दुसरा पंप स्पेसरसह शाळेत, मोठ्यांच्या हाती लागेल अशा पण कुलूप नसलेल्या ठिकाणी असावा. दोन्हींवर मुलीचे नाव आणि मुदतीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहा.

हे मी अनुभवाने सांगते. एका शाळेत मी रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात औषधांचे कपाट रिकामे करून पाहिले. अगदी मागच्या बाजूला एक पंप होता. टोपणावर नाव होते, पण त्या नावाची मुलगी शाळा सोडून गेली होती. आकडा दाखवणाऱ्या खिडकीत शून्य होते. कुलूप मात्र उत्तम स्थितीत होते. तेव्हापासून मी दर सत्राच्या पहिल्या दिवशी प्रत्येक पंप हातात घेऊन पाहत असे. पंपावर आकडा नसेल तर वापरलेले पफ मोजावे लागतात. डबी पाण्यात टाकून ती तरंगते की बुडते यावरून अंदाज बांधण्याची जुनी युक्ती विश्वासार्ह नाही. डबी हलवून आवाज येतो म्हणून औषध आहे, असेही नाही. नवा किंवा बरेच दिवस न वापरलेला पंप आधी हवेत दोन-चारदा सोडून पाहावा लागतो, आणि स्पेसर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन न पुसता तसाच वाळू द्यावा लागतो, नाहीतर आतल्या स्थिर विजेमुळे औषध भिंतींनाच चिकटते. पंप तपासण्याची ही जबाबदारी आपणच घेतो, असे शाळेला सांगा. तिच्या डोक्यावरचे एक ओझे कमी होईल आणि आपल्यालाही खात्री राहील.

बैठकीच्या आधी एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गापासून कार्यालयातल्या कपाटापर्यंत आणि परत, घड्याळ लावून चालून पाहा. किल्ली हाताशी आहे असे धरूनही जेवढी मिनिटे लागतील ती लिहून ठेवा. मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका आणि खेळाचे शिक्षक या तिघांना एकत्र भेटा. गेल्या महिन्यात कोण चुकले, या चर्चेत शिरू नका. ती चर्चा सुरू झाली की प्रत्येक जण स्वतःचा बचाव करू लागतो. मिनिटांचा तो आकडा आणि डॉक्टरांचे पान त्यांच्यापुढे ठेवा. बैठक संपल्यावर त्याच दिवशी, जे ठरले ते साध्या शब्दांत लिहून पाठवा. उदाहरणार्थ: “आजच्या चर्चेनुसार आमची मुलगी तिचा तातडीचा पंप शाळेच्या वेळेत स्वतःजवळ बाळगील. दुसरा पंप व स्पेसर आरोग्य कक्षात उघड्या, ठरलेल्या जागी राहील. सोबतची कृती-योजना तिला शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांना, बदली शिक्षकांसह, दिली जाईल. पंप वापरला गेल्यास त्याच दिवशी आम्हाला कळवले जाईल. पंपांची मुदत व शिल्लक मात्रा आम्ही दर सत्राच्या सुरुवातीला तपासू.” शाळेने यावर होकार कळवला की तो कागद जपून ठेवा.

हमीपत्राबद्दल. औषध देण्यास संमती देणे आणि शाळेला सर्व जबाबदारीतून मुक्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संमती आपण अवश्य द्यावी, किंबहुना सविस्तर द्यावी: कोणते औषध, किती, कोणत्या लक्षणांवर, आणि योजनेप्रमाणे सद्हेतूने औषध देणाऱ्या शिक्षकाला आम्ही दोष देणार नाही, असे त्यात लिहायलाही हरकत नाही. शिक्षकाच्या मनातली खरी भीती तीच असते आणि ती दूर केली की तो पुढे येतो. मात्र शाळेच्या वेळेत मुलाची वाजवी काळजी घेणे हे शाळेचे कर्तव्य आहे आणि ते एका सहीने संपावे असे कोणत्याही पालकाने मान्य करू नये. ते हमीपत्र परत करताना त्याऐवजी संमतिपत्र आणि कृती-योजना सोबत जोडा. शाळा तरीही मूळ मजकुरावर अडून राहिली तर सही करण्यापूर्वी तो मजकूर एखाद्या वकिलाला दाखवा.

खेळाच्या तासाला तिला बसवून ठेवणे ताबडतोब थांबले पाहिजे. खेळाने श्वासनलिका आवळल्या जात असतील तर ते बहुधा जोराचा व्यायाम संपल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत जाणवते, म्हणूनच आपल्या मुलीला मैदानावर नव्हे, जिन्यात त्रास झाला असावा. त्यावर उपाय आहेत: खेळापूर्वी हळूहळू शरीर तापवणे, संपताना एकदम न थांबणे, आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास खेळाच्या सुमारे पंधरा मिनिटे आधी पंप घेणे. खेळाच्या शिक्षकांना हे कळले की ते बहुधा स्वतःच तयार होतात. धाप लागलेल्या दिवशी मात्र थांबायचे, हे मुलीलाही ठाऊक असू द्या.

खोकला दिसला की घरी पाठवण्याबाबत शाळेला एवढेच सांगा की दम्याचा खोकला कोणाला लागत नाही. ताप, गळून जाणे, सर्दीचा नवा जोर अशी संसर्गाची चिन्हे असतील तर तिला घरी ठेवणे योग्य आहे आणि तेव्हा आपण स्वतःच ठेवाल. मुलांना नुसते घरी पाठवल्याने आरोग्य सुधारत नाही, ही गोष्ट शाळांच्या इतिहासात फार पूर्वी लक्षात आलेली आहे. न्यूयॉर्कमध्ये शाळातपासणी करणारे डॉक्टर डोळ्यांचे संसर्ग, खरूज, उवा अशा कारणांनी मुलांना घरी धाडत. घरी उपचार होत नसत आणि मुले रस्त्यावर फिरत राहत. १९०२ मध्ये लिना रॉजर्स या परिचारिकेला तिथल्या शाळांत नेमले गेले. तिने शाळेतच मलमपट्टी सुरू केली आणि घरोघरी जाऊन पालकांना उपचार समजावले. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुले शाळेबाहेर काढली गेली होती; परिचारिकांची संख्या वाढल्यानंतर सप्टेंबर १९०३ मध्ये अशा मुलांची संख्या १,१०१ वर आली. शाळेतील आरोग्यसेवा मुलाला वर्गात ठेवण्यासाठी सुरू झाली, आणि मी ज्या व्यवसायात आयुष्य घालवले त्याचा मला अभिमान वाटतो तो याच कारणासाठी.

पंपाची सवय लागते, हा समज मी इतक्या ठिकाणी ऐकला आहे की त्याने किती मुलांचा उपचार लांबला असेल या विचाराने मन अस्वस्थ होते. पंपातून औषध थेट फुप्फुसात जाते, त्यामुळे गोळीच्या तुलनेत फार थोडी मात्रा पुरते. तातडीचा पंप वारंवार लागू लागला तर त्याचा अर्थ आजार आटोक्यात नाही असा होतो. तेव्हा डॉक्टरांकडे जायचे असते, पंप लपवून ठेवायचा नसतो. त्या शिक्षिकेने आपुलकीनेच सांगितले असेल. तिला कृती-योजनेची प्रत पहिल्यांदा द्या.

आता मुलीबद्दल, कारण या सर्व कागदांचा उपयोग तिने पंप वापरला तरच आहे. दहाव्या वर्षी इतरांपेक्षा वेगळे दिसणे फार बोचते. “लाजायचे काय त्यात” असे म्हणून तिची लाज जाणार नाही. आधी तिला नेमके काय वाटले ते विचारा: कोणी हसले का, कोणी काही बोलले का, की त्या दिवशी सर्वजण भोवती जमले हेच तिला नकोसे झाले. पुष्कळदा कारण एवढेच असते, आणि मग जवळ फक्त एकीने बसायचे, बाकीच्यांनी वर्गात जायचे, असे योजनेत लिहून घेता येते. तिची तयारी असेल तर वर्गशिक्षिका नाव न घेता दम्याबद्दल वर्गाशी बोलू शकतील. तयारी नसेल तर तेही नको. तिला पॉला रॅडक्लिफ या ब्रिटिश धावपटूची गोष्ट सांगा. त्यांना शाळकरी वयातच दम्याचे निदान झाले होते, आणि २००३ मध्ये लंडनची मॅरेथॉन त्यांनी २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत पूर्ण केली. महिलांच्या मॅरेथॉनमधला तो जागतिक विक्रम १६ वर्षे टिकला.

शाळेने पंप तिच्याजवळ ठेवायला इतक्यात नकारच दिला, तर वाटाघाटीत मधला टप्पा म्हणून पंप निदान वर्गातच, शिक्षिकेच्या टेबलाच्या उघड्या खणात आणि खेळाच्या तासाला शिक्षकांच्या पिशवीत राहील एवढे त्याच दिवसापासून मिळवा, आणि उरलेली मागणी लेखी स्वरूपात शाळेच्या व्यवस्थापनाकडे न्या. तिथेही उत्तर मिळाले नाही तर शिक्षण खात्याकडे जाता येईल, आणि शाळा बदलण्याचा विचार त्यानंतर करा. नव्या शाळेतही प्रवेशापूर्वी पहिला प्रश्न हाच विचारा.

बैठकीच्या शेवटच्या दहा मिनिटांसाठी मुलीलाही आत बोलवा. पंप हलवणे, स्पेसरला जोडणे, एक पफ सोडणे आणि सावकाश श्वास घेणे, हे तिने शिक्षकांसमोर करून दाखवले तर तिला पंप सांभाळता येतो की नाही या शंकेचे उत्तर त्यांना डोळ्यांनी मिळेल. आणि पुढच्या खेळाच्या तासाला तो कमरेच्या पाकिटात ठेवायचा की मैदानाच्या कडेला मैत्रिणीच्या हाती द्यायचा, हे तिलाच ठरवू द्या.